घाटावरची सात मिनिटं

"मुंबईहून नागपूरले जाचं त इमान किती टाइम घेते?" काकांनी फोनवर विचारलं.

"दीड तास," मी म्हणालो.

"आन् आपल्या घरी याले?"

मी जरा थांबलो. डोंबिवलीतलं माझं घर ते चिखली-मेहकर रस्त्यापासून आत असलेलं काकांचं शेत, या प्रवासाला विमानाने किती वेळ लागतो हे मी कधी मोजलंच नव्हतं. आजवर आम्ही रात्री विदर्भ एक्सप्रेसमध्ये बसायचो, अपरात्री डोळे चोळत मलकापूरला उतरायचो आणि मोताळ्यावरून राजूर घाट चढून बुलढाणा गाठायचो. डिसेंबरात नागपुरात माझं एका दिवसाचं काम निघालं. तिथून पुढे गावी जायचं ठरलं आणि पहिल्यांदाच विमानाचं तिकीट काढलं. काकांचा प्रश्न त्यावरून आला होता.

तिकिटावर सुटण्याची वेळ होती ६.५०, पोहोचण्याची ८.२५. म्हणजे ९५ मिनिटं. मुंबईचा छत्रपती शिवाजी महाराज विमानतळ आणि नागपूरचा डॉ. बाबासाहेब आंबेडकर विमानतळ, दोन्ही आंतरराष्ट्रीय. जुनी माणसं अजून सहार आणि सोनेगाव म्हणतात. या दोन ठिकाणांमधलं सरळ अंतर साधारण ६८५ किलोमीटर आहे. वैमानिक ते सागरी मैलात मोजतात, म्हणून त्यांच्या हिशेबात ते ३७० भरतं. सागरी मैल म्हणजे अक्षांशाच्या एका मिनिटाएवढं अंतर, १.८५२ किलोमीटर. समुद्र ज्याने आयुष्यात पाहिला नाही त्या वऱ्हाडी माणसाच्या डोक्यावरचं आभाळही जगभर समुद्राच्याच मापाने मोजलं जातं, याची मला गंमत वाटते.

निघण्याआधीच्या रविवारी नकाशावर पट्टी ठेवली. पृथ्वी गोल असल्याने दोन ठिकाणांमधली सर्वांत जवळची वाट भिंतीवरच्या नकाशात वाकडी दिसते. मुंबई-न्यूयॉर्क विमान पार युरोपच्या उत्तरेला जाऊन येतं ते उगीच नाही. साडेबारा हजार किलोमीटरच्या प्रवासात तोच आडमार्ग जवळचा ठरतो. मुंबई-नागपूर एवढ्याशा अंतरात मात्र ही वक्रता जेमतेम तीन किलोमीटरची. पट्टीने आखलेली रेघ पुरते. ती रेघ आखली आणि मी पट्टी तशीच धरून बसलो. मुंबई-नागपूर हवाई अंतराचा बरोबर मध्य देऊळगाव राजाच्या अलीकडे, जालना आणि बुलढाणा जिल्ह्यांच्या सीमेशी येत होता. अर्धं अंतर संपतं तिथे आमचा जिल्हा सुरू होतो. तिथून रेघ चिखली डावीकडे आणि मेहकर उजवीकडे ठेवून वाशीमकडे जाते. म्हणजे काकांच्या तुरीवरून.

विमान काही शाळकरी पोरासारखं पट्टीला धरून उडत नाही. हवाई मार्ग ठरलेले असतात, नियंत्रण कक्ष वळायला सांगतो, ढग चुकवावे लागतात. तरी फरक पडून पडून किती पडणार?

त्याच रेघेवरून आसनही निवडलं. लोणार या रेघेच्या दक्षिणेला साधारण ३५ किलोमीटरवर आहे. नागपूरला जाताना दक्षिण उजव्या हाताला, म्हणून उजवी खिडकी, पंखाच्या पुढची. त्यासाठी जास्तीचे पैसे मोजले आणि घरी ते सांगितलं नाही.

पहाटे पावणेचारला घर सोडलं. पाचच्या आत विमानतळ. सामान, तपासणी, पट्टा काढा, पट्टा घाला, आणि चहा, ज्याच्या किमतीत मेहकरच्या बसस्टँडवर अख्खं पंचमंडळ चहा पिऊन वर भजी खाईल. विमान ठरल्या वेळी, ६.५० ला, मागे सरकलं. पण जमीन सोडली तेव्हा माझ्या घड्याळात ७.१२ झाले होते. मधली २२ मिनिटं आम्ही रांगेत होतो. मुंबईला दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच चालते असं धरा. देशातल्या सर्वांत गजबजलेल्या विमानतळांपैकी एक अशा अर्ध्या हिशेबावर चालतो. विमान कंपन्यांना हे माहीत असतं. त्या तिकिटावर जी वेळ छापतात ती उडण्याची नसते. विमान फाटकापासून हलल्यापासून दुसऱ्या फाटकाशी थांबेपर्यंतची असते, आणि रांगेची मिनिटं त्यात आधीच धरलेली असतात. म्हणून उशिरा उडालेलं विमान पुष्कळदा वेळेवर पोहोचतं आणि प्रवाशांना वैमानिकाचं कौतुक वाटतं.

आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. नागपूर पूर्वेला, पण आमचं विमान उडालं ते पश्चिमेला, सरळ जुहूच्या समुद्रावर. विमानाला उडताना वारा समोरून लागतो आणि मुंबईत बहुतेक वेळा तो समुद्राकडून येतो. त्यामुळे आधी अरबी समुद्राचं दर्शन, मग मोठं वळण, मग सह्याद्री. पंढरीला निघालेल्याने आधी कोकणात डोकावून यावं तसं.

वाऱ्याचा हिशेब वरही चालू असतो. हिवाळ्यात दहा किलोमीटर उंचीवर वारे पश्चिमेकडून वाहतात. नागपूरला जाणाऱ्याला ते मागून ढकलतात आणि मुंबईला परतणाऱ्याला छातीवर घ्यावे लागतात. पावसाळ्यात दख्खनच्या वर हेच उलटं होतं, वरच्या थरात वारे पूर्वेकडून येतात. एवढ्या छोट्या अंतरात फरक पाच-दहा मिनिटांचा. पण त्यामुळे "मुंबई-नागपूर किती वेळ" या प्रश्नाचं उत्तर जाताना एक, येताना दुसरं आणि आषाढात तिसरं असतं.

वैमानिकाने ३३ हजार फूट सांगितले. पूर्वेकडे जाणाऱ्या विमानांना ३३, ३५, ३७ अशा विषम हजारांची उंची देतात आणि पश्चिमेकडे येणाऱ्यांना सम हजारांची, म्हणजे समोरासमोरची दोन विमानं एका पातळीवर येत नाहीत. वर आणि खाली असा सोपा न्याय. आमच्या जिल्ह्यालाही तो ठाऊक आहे. बुलढाण्यात परका माणूस भेटला की पहिला प्रश्न असतो, "घाटावरचे का घाटाखालचे?" बुलढाणा, चिखली, देऊळगाव राजा, सिंदखेड राजा, मेहकर, लोणार हे घाटावरचे तालुके, मलकापूर, मोताळा, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर घाटाखालचे. रेल्वे घाटाखाली गेली, पूर्णेच्या सपाट खोऱ्यातून. १८६७ मध्ये ती नागपूरला पोहोचली ती कापसासाठी, आणि खामगावचा कापूस उचलायला जलंबहून जेमतेम तेरा किलोमीटरचा फाटाही काढला गेला. घाटावरच्यांना रेल्वे दिसली नाही ती आजतागायत. खामगाव-जालना मार्गाची मागणी आजोबांच्या तोंडून ऐकली, वडिलांच्या ऐकली, आता माझ्या मुलीच्या कानावर घालतो.

७.४५ झाले. मी नाक काचेला लावून बसलो. शेजारचे गृहस्थ नागपूरचे होते. त्यांनी विचारलं, "पहिल्यांदा?" मी म्हटलं, "नाही, पण गाव येतंय." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी एस.टी.त बसून कंडक्टरला घंटी मारायला सांगतोय.

उजव्या खिडकीचा माझा सगळा अभ्यास एका बाबतीत फसला होता. डिसेंबरातल्या सकाळी सूर्य आग्नेयेला असतो, म्हणजे बरोबर माझ्या खिडकीत. डोळे दिपत होते, खाली धुरकट पांढुरकं, त्यात शेतांचे तुकडे जेमतेम ओळखू येणारे. पाण्याचा एक मोठा लांबट पट्टा दिसला. तो खडकपूर्णा धरणाचा असावा. मग दोन-तीन मिनिटं नुसता प्रकाश. आणि अचानक पुढे उजवीकडे एक वाटोळा ठिपका आरशासारखा लखकन चमकला, डोळ्यांत गेला आणि विझला. ज्या सूर्याला मी शिव्या देत होतो त्यानेच लोणार दाखवलं होतं. पाण्यावरून परावर्तित झालेलं ऊन, तीन किंवा चार सेकंद.

१.८ किलोमीटर व्यासाचं ते विवर. काठावर उभं राहिलं तर दुसरा काठ दूर वाटतो, दैत्यसूदन मंदिरापासून खाली उतरून पाण्याशी जायला दम लागतो. अंतराळातून आलेल्या दगडाने बसाल्टच्या खडकात केलेला हा खड्डा. २०२० च्या जूनमध्ये याचं पाणी गुलाबी झालं तेव्हा अख्ख्या देशाने बुलढाणा जिल्हा नकाशावर शोधला होता, आणि त्याच वर्षी त्याला रामसर पाणथळ म्हणून मान्यताही मिळाली. जे. ई. अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८२३ मध्ये या जागेची नोंद केली. त्याच १८२३ मध्ये, विमानाच्या या रेघेवर पुढे येणाऱ्या वर्धा जिल्ह्यात, हिंगणघाटला विल्यम लॅम्टन वारला. १८०२ पासून मद्रासकडून साखळ्या आणि थिओडोलाइट घेऊन हिंदुस्थानचं अंतर मोजत निघालेला माणूस. माझ्या रविवारच्या पट्टीखाली जो नकाशा होता त्याचं मूळ त्याच्या साखळीत आहे. तिची कडी आता वाऱ्याच्या वेगाने सरकत होती आणि मला खाली काहीच नीट दिसत नव्हतं.

७.५५ ला मी घड्याळ पाहणं सोडलं. जिल्हा संपला होता. ताशी आठशे किलोमीटरच्या आसपास वेग, रेघेवरची जिल्ह्याची रुंदी नव्वद-पंचाण्णव किलोमीटर. सात मिनिटं, फार तर साडेसात. जिजाऊंचं सिंदखेड राजा, देऊळगावचा बालाजी, पैनगंगेचा उगम, मेहकरचा शारंगधर, माझी शाळा, सगळं त्यात.

उतरताना चाकं ८.१७ ला टेकली. जमिनीपासून जमिनीपर्यंत ६५ मिनिटं, फाटकापासून फाटकापर्यंत ९४, आणि घराच्या उंबऱ्यापासून सोनेगावच्या बाहेर रिक्षापर्यंत बरोबर पाच तास. तिन्ही आकडे खरे आहेत. जाहिरातीत पहिला येतो, तिकिटावर दुसरा, आणि तिसरा प्रवाशाने आपला आपण सोसायचा.

सोनेगावला उतरलो की मला रात्रीच्या टपालाची आठवण येते, जी माझी नाही, वडिलांकडून आलेली. जानेवारी १९४९ मध्ये देशात रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास अशा चारी दिशांनी डाकोटा विमानं टपाल घेऊन संध्याकाळी निघत आणि मध्यरात्री नागपूरला भेटत. तिथे थैल्यांची अदलाबदल होई आणि पहाटेपर्यंत प्रत्येक विमान आपापल्या गावी परत. नागपूर देशाच्या मध्याशी आहे याचा इतका सरळ उपयोग त्यानंतर कुणी केल्याचं मला तरी आठवत नाही. वडील सांगत, आम्ही अंगणात बाजेवर पडलो की मुंबईचं टपाल डोक्यावरून घरघरत जाई. आमच्या गावचं पत्र मात्र मुंबईहून रेल्वेने मलकापूरला, तिथून मोटारीने घाट चढून, मग पोस्टमनच्या सायकलवर येई. मुंबईचं टपाल डोक्यावरून जातं हे माहीत असून आपल्या पत्राची तीन दिवस वाट पाहायची.

नागपूरचं काम झालं. दुसऱ्या दिवशी दुपारी चुलतभाऊ गाडी घेऊन आला होता, त्याच्याबरोबर परत फिरलो. शिवमडक्याला समृद्धी महामार्ग लागतो. त्याची लांबी ७०१ किलोमीटर. विमानाची ६८५, रेल्वेची ८३७. हे तीन आकडे शेजारी ठेवून पाहा. रस्ता भिवंडीजवळ आमण्याला संपतो, सहारला नाही, हे धरूनही तो जवळजवळ विमानाच्या रेघेवरून गेला आहे. रेल्वे दीडशे किलोमीटर जास्त चालते, कारण तिला भुसावळला उत्तरेकडे वळून पूर्णेचं खोरं धरायचं होतं. वाफेच्या इंजिनाला घाट जड जात होता आणि कापूस खालीच होता. समृद्धीने डोंगर कापले, आणि त्यामुळे दीडशे वर्षांनी पहिल्यांदा मुंबई-नागपूरची मोठी वाट घाटावर आली. मेहकर आणि सिंदखेड राजाला तिचे फाटे आहेत.

नागपूर-शिर्डी हा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला, इगतपुरी ते आमणे हा शेवटचा जून २०२५ मध्ये. वर्धा, अमरावती, वाशीम हे जिल्हे काचेबाहेरून गेले. रस्ता इतका सरळ आणि रिकामा की भाऊ दर अर्ध्या तासाने मला बोलायला सांगायचा. "गप्प बसू नको, झोप येते." हे थट्टेने बोलला नाही. १ जुलै २०२३ च्या पहाटे याच रस्त्यावर सिंदखेड राजाजवळ खासगी बस उलटून पेटली आणि २५ माणसं गेली. आमच्याकडे अजून कुणी रात्री समृद्धीने निघालं की घरचे झोपत नाहीत.

तीन तासांत मेहकर. तिथून काकांच्या शेतापर्यंतचे वीस किलोमीटर मात्र पाऊण तासाचे, कारण मध्ये ट्रॅक्टर, म्हशी आणि सोयाबीनच्या पोत्यांनी भरलेला एक ट्रक होता ज्याला बाजू द्यायची नव्हती.

वाटेत भावाने आपला हिशेब मांडला. छत्रपती संभाजीनगरचं चिकलठाणा दीड-पावणेदोनशे किलोमीटरच्या आत. जळगावला विमान येतं. शिर्डीला २०१७ पासून आहे. अमरावतीच्या बेलोऱ्याहून एप्रिल २०२५ पासून मुंबईची सेवा सुरू झाली. अकोल्याच्या शिवणीला धावपट्टी आहे, नियमित विमान नाही. "चहूकडून विमानतळ आणि मधात आपण," तो म्हणाला, "पंगतीत वाढपी शेजाऱ्याला वाढून पुढं जातो तसं." मला त्याच्याएवढा राग नाही. प्रत्येक जिल्ह्याला विमानतळ हवा असं मला वाटत नाही. आम्हाला आधी खामगाव-जालना रेल्वे चालेल. पण वाढप्याचं ते चालणं मी आदल्या दिवशी वरून पाहिलं होतं, हेही खरं.

रात्री जेवताना काकांनी वाघाचा विषय काढला. २०१९ मध्ये यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातून एक तरुण वाघ निघाला, गळ्यात रेडिओ कॉलर, आणि शेतं, नाले, रस्ते ओलांडत, तेलंगणातही डोकावून, पाच महिन्यांत तेराशे किलोमीटर चालून आमच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. पुढेही तो चालतच राहिला आणि लोकांनी त्याचं नाव वॉकर ठेवलं. टिपेश्वर ते ज्ञानगंगा हे अंतर सरळ रेघेत अडीचशे किलोमीटरही भरत नाही.

"त्यानं पट्टी नाही ठेवली नकाशावर," काका म्हणाले. त्यांना माझ्या रविवारच्या उद्योगाबद्दल भावाने सांगितलं होतं.

पहाटे थंडी होती. तुरीच्या बांधावर शेंगांचा हिरवा वास, वेचणी संपत आलेल्या कपाशीत उरलेली पांढरी बोंडं. काकांनी घोंगडी गुंडाळली होती आणि हातात त्यांचं जुनं चावीचं घड्याळ होतं, जे ते रोज सकाळी विमानावर लावतात हे मला त्या दिवशी कळलं.

मी त्यांना सांगितलं, ३३ हजार फूट म्हणजे दहा किलोमीटर, पण ते समुद्रसपाटीपासून. आपण घाटावर आधीच पाच-सहाशे मीटर उंच. म्हणजे आपल्या डोक्यापासून विमान साडेनऊ किलोमीटरवर. आवाज खाली यायला अर्धा मिनिट लागतो, तेवढ्यात ते सहा-सात किलोमीटर पुढे गेलेलं असतं. म्हणून आवाजाकडे पाहू नका, त्याच्या पुढे पाहा.

त्यांनी थोडा वेळ विचार केला. "साडेनऊ. मेहकर किती?"

"वीस."

"म्हणजे इमान मेहकराहून जवळ हाय."

"उभं मोजलं तर, हो."

"आन् मी मेहकरले बजाराले जातो दर आठवड्याले."

तेवढ्यात जालन्याकडून पांढरी रेघ वर सरकू लागली. आवाज नव्हता. सूर्य विमानाच्या पोटावर पडून ते एकदा चमकलं, उजव्या बाजूच्या कुणाच्या तरी खिडकीत आत्ता लोणार चमकत असणार. काकांनी घड्याळ कानाशी धरून पाहिलं, मग डोळ्यांशी आणलं.

"आठले दोन मिनटं कमी," ते म्हणाले. "आज उशीर झाला त्याले." आणि घड्याळाला चावी देत विहिरीवरची मोटार सुरू करायला निघाले, कारण लाईट आठलाच येणार होती.